दिल्लीची फाइल, गाउँपालिकेची शाळा

समजा, पश्चिम नेपाळच्या डोंगरातल्या एका गाउँपालिकेला आठ वर्गखोल्यांची शाळा बांधायची आहे. पैसे भारत सरकार देणार आहे आणि काम नीट व्हावं म्हणून तुम्ही तिथे मदतीला गेला आहात. तुम्ही म्हणजे सातारा किंवा बीडच्या जिल्हा परिषदेत, बांधकाम विभागात वीस वर्षं काढलेला माणूस. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका हे शब्द तुमच्या अंगवळणी पडलेले. पैसा दिल्लीतून कसा निघतो, कुणाच्या सहीने पुढे सरकतो, तिथे तुमचं काम कुठे सुरू होतं आणि कुठे तुम्ही हात मागे घ्यायचा, हे त्या शाळेच्या निमित्ताने पाहू. शाळा कल्पनेतली आहे, यंत्रणा खरी आहे.

सुरुवात दिल्लीत होते. तिथे परराष्ट्र मंत्रालयाच्या पोटात जानेवारी २०१२ पासून विकास भागीदारी प्रशासन नावाचा विभाग आहे. इतर देशांना भारत जी मदत देतो तिची सूत्रं बरीचशी याच विभागाकडे असतात. मदतीचे ठळक प्रकार तीन. मोठे रस्ते, वीज, पाणीयोजना यांसाठी एक्झिम बँकेमार्फत सवलतीचं कर्ज. शेजारी देशांना अनुदान. आणि तिसरं प्रशिक्षण, ज्याचा आयटेक नावाचा कार्यक्रम १५ सप्टेंबर १९६४ ला सुरू झाला आणि आज सुमारे १६० देशांसाठी चालतो.

प्रशिक्षणाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण परदेशी स्थानिक संस्थांना मिळणारी पुष्कळशी मदत दिल्लीच्या परिसराबाहेर जातच नाही. माणसंच इकडे येतात. लोधी रोडवर हुडकोची मानवी वसाहत व्यवस्थापन संस्था आहे, नोएडात व्ही. व्ही. गिरी राष्ट्रीय श्रम संस्था आणि नियंत्रक व महालेखापरीक्षकांचं माहिती प्रणाली व लेखापरीक्षण केंद्र, फरीदाबादला वित्तीय व्यवस्थापन संस्था. आफ्रिकेतल्या एखाद्या नगरपालिकेचा लेखापाल काही आठवडे इथे राहतो, शिकतो, परत जातो. त्याचा विमानखर्च, राहणं, शिकवणी सगळं भारत सोसतो. इथे शिकवायला उभं राहणं हेही परदेशी कामच आहे, फक्त त्याला पासपोर्ट लागत नाही.

दिल्ली आज शिकवते, पण एके काळी तीच विद्यार्थी होती. फोर्ड फाउंडेशनने अमेरिकेबाहेरचं आपलं पहिलं कार्यालय १९५२ मध्ये दिल्लीत उघडलं. पॉल ॲपलबी या अमेरिकी प्रशासनतज्ज्ञाने १९५३ मध्ये भारतीय कारभारावर अहवाल दिला, त्यातल्या शिफारशीतून १९५४ ची भारतीय लोकप्रशासन संस्था उभी राहिली. १९६२ चा दिल्लीचा पहिला बृहत् आराखडा फोर्ड फाउंडेशनच्या तज्ज्ञांच्या मदतीने तयार झाला. ते पाहुणे केव्हाच परत गेले. इंद्रप्रस्थ इस्टेटमधली ती लोकप्रशासन संस्था मात्र आजही चालते. पाहुण्या तज्ज्ञाने मागे काय ठेवलं, ही मोजपट्टी मला सगळ्यांत भरवशाची वाटते आणि शाळेकडे आपण तीच घेऊन जाणार आहोत.

आता नेपाळ. २००३ पासून भारत तिथे छोट्या कामांना अनुदान देतो: शाळा, आरोग्य चौक्या, पिण्याचं पाणी, वसतिगृहं, छोटे पूल. आधी त्यांना लघु विकास प्रकल्प म्हणत, आता उच्च प्रभाव सामुदायिक विकास प्रकल्प असं भारदस्त नाव आहे. आजवर पाचशेहून जास्त कामं हाती घेतली गेली. एका कामाला कमाल पाच कोटी नेपाळी रुपये अशी मर्यादा होती. ४ जानेवारी २०२४ ला काठमांडूत झालेल्या करारात ती वीस कोटी झाली. नेपाळी रुपयाचा भारतीय रुपयाशी दर १ ला १.६० असा १९९३ पासून बांधलेला आहे. म्हणजे आपल्या पैशात मर्यादा सव्वातीन कोटींच्या आतून साडेबारा कोटींवर गेली. राष्ट्राराष्ट्रांच्या व्यवहारात ही रक्कम चिमुकली आहे. एका गाउँपालिकेला मात्र ती वर्षाच्या विकासकामांची बरोबरी करणारी ठरू शकते, आणि म्हणूनच ती जपून हाताळावी लागते.

हे पैसे घेणारी गाउँपालिका म्हणजे आपली ग्रामपंचायत समजू नका, तिथेच पहिली चूक होते. नेपाळचं संविधान सप्टेंबर २०१५ मध्ये आलं आणि देशात ७५३ स्थानिक सरकारं झाली: ६ महानगरपालिका, ११ उपमहानगरपालिका, २७६ नगरपालिका आणि ४६० गाउँपालिका. सरकार हा शब्द तिथे शब्दशः घ्यायचा. संविधानाच्या आठव्या अनुसूचीत स्थानिक पातळीचे स्वतःचे २२ अधिकार मोजून दिले आहेत आणि त्यात माध्यमिकपर्यंतचं शिक्षणही आहे. आपल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत २९ विषय दिले खरे, पण ते राज्याने सोपवायचे. नेपाळात ते संविधानानेच दिले. गाउँपालिका कायदे करते, तिच्या उपाध्यक्षांच्या नेतृत्वाखालची न्यायिक समिती भांडणं सोडवते.

पण एवढे अधिकार मिळाले तेव्हा हातांना सवय नव्हती. निवडून आलेल्या स्थानिक संस्थांची मुदत २००२ मध्ये संपली आणि गावपातळीवर पुढची निवडणूक झाली थेट २०१७ मध्ये. मधली पंधरा वर्षं कारभार सरकारी कर्मचाऱ्यांनी चालवला. एक पिढी मतदानाशिवाय गेली, आणि मग अचानक शाळा, रस्ता, पाणी, कर सगळं एका नव्या कार्यालयाच्या दारात येऊन पडलं. बऱ्याच ठिकाणी अभियंता एकच, लेखापालाच्या जागा रिकाम्या. १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या, त्या पहिल्या वर्षांच्या आठवणी घरातल्या जुन्या माणसांकडून ऐकल्या असतील तर हे चित्र डोळ्यांपुढे येईल.

फाइलचा रस्ता साधारण असा. गरज पालिका मांडते. शाळेची व्यवस्थापन समिती मागणी करते, वडा, म्हणजे आपला प्रभाग, ती उचलून धरतो, पालिका ठराव करते. मग प्रस्ताव काठमांडूच्या भारतीय दूतावासाकडे आणि संघीय मामिला तथा सामान्य प्रशासन मंत्रालयाकडे जातो. मान्यता मिळाली की दूतावास, मंत्रालय आणि पालिका असा त्रिपक्षीय करार होतो. तो तीन सह्यांचा कागद फार महत्त्वाचा आहे. परदेशी दूतावास थेट गावांशी व्यवहार करतो, अशी टीका नेपाळमध्ये अनेकदा झाली आहे, आणि माझ्या मते त्या टीकेत तथ्य आहे. गोऱ्या साहेबाने मुंबईच्या मंत्रालयाला न विचारता गडचिरोलीतल्या पंचायत समितीला परस्पर पैसे वाटले तर आपल्याला चाललं असतं का? मधली सही ही त्या देशाच्या सरकारची मान आहे. ती लवकर मिळावी म्हणून धडपडा, ती टाळून पुढे जाण्याचा विचारही करू नका.

करार झाला की मालक पालिका. निविदा पालिका काढते आणि ती नेपाळच्या सार्वजनिक खरेदी कायद्याने निघते. कंत्राटदाराशी करार पालिकेचा, देयकावर सही पालिकेच्या अधिकाऱ्याची. भारताचा पैसा हप्त्याहप्त्याने, कामाच्या प्रगतीप्रमाणे येतो. अफगाण संसदेसारखं मोठं बांधकाम भारताच्या केंद्रीय लोकनिर्माण विभागाने स्वतः केलं, गुरुग्रामच्या वापकोस या सरकारी कंपनीने हेरातच्या सलमा धरणाचं काम सांभाळलं. त्या आकाराच्या कामाला तीच पद्धत योग्य. शाळेला नाही. कारण छत गळायला लागतं पाचव्या पावसाळ्यात, आणि तेव्हा ज्याच्या नोंदवहीत ती इमारत असेल तोच शिडी घेऊन येतो.

भाषेची गोष्ट इथे सांगतो, कारण ती ऐकून हुरूप येतो. लिपी देवनागरीच, त्यामुळे पहिल्या दिवशी तुम्ही फाइल वाचू शकता, फक्त अर्थ लागत नाही. आपलं अंदाजपत्रक तिथे लागत अनुमान होतं, निविदा म्हणजे बोलपत्र, मोजमाप पुस्तिका नापी किताब, दरसूची दररेट, देयक चुकवणं म्हणजे भुक्तानी. उचल दिलेल्या रकमेला पेस्की म्हणतात, जिच्यात आपली पेशगी ओळखू येते. आणि लेखापरीक्षणात अडकलेल्या खर्चाला बेरुजू. आपण रुजुवात घालतो, तोच हा रुजू. ज्याची रुजुवात पटली नाही तो खर्च बेरुजू. या एका शब्दाला नेपाळी पालिकेतला प्रत्येक कर्मचारी बिचकतो, कारण महालेखापरीक्षकांच्या वार्षिक अहवालात तो आकडा छापून येतो. तुमचा सल्ला त्यांना का पटत नाही असं वाटलं, तर आधी पाहा की त्याने बेरुजू निघण्याचा धोका आहे का. पुष्कळदा उत्तर तिथेच सापडतं.

आता कॅलेंडर. या कामातली सगळ्यांत मोठी डोकेदुखी हीच आहे, आणि कुठल्याही कराराच्या मसुद्यावरून ती कळत नाही. भारताचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. नेपाळचं संपतं आषाढअखेर (नेपाळीत असार), म्हणजे जुलैच्या मध्याला, आणि १ श्रावणाला नवं लागतं. ते वर्षही विक्रम संवताने मोजतात. दिल्लीला मार्चच्या आत खर्चाचे कागद हवे असतात तेव्हा पालिकेच्या वर्षाचे साडेतीन महिने बाकी असतात. पालिकेला घाई सुटते ती जूनमध्ये, आणि नेमका त्याच महिन्यात मोसमी पाऊस डोंगरावर पोचतो. शेवटच्या महिन्यात घाईघाईने उरकलेल्या कामांना नेपाळीत असारे विकास असं नावच पडलं आहे. आपल्या मार्च एंडचा सख्खा भाऊ, फक्त चिखलात उभा असलेला. ओल्या दगडमातीत पाया भरायचा, चढलेल्या नदीतून वाळू आणायची आणि नापी किताबात सगळं कोरडं लिहायचं, हा प्रकार तिथल्या प्रामाणिक अभियंत्यालाही टळत नाही.

मग बांधकामाचे महिने उरतात किती? दशैं आणि तिहार, म्हणजे दसरा-दिवाळी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात कार्यालयं बंद पाडतात. पश्चिम नेपाळचे गवंडी आणि मजूर मोठ्या संख्येने भारतात कामाला येतात, दिल्लीत आणि आपल्या पुण्या-मुंबईतही. सणाला गावी गेलेली माणसं परत निघायच्या आत त्यांना कामावर घ्यावं लागतं. कामाचा खरा हंगाम मार्गशीर्ष ते चैत्र, जेमतेम पाच महिने. म्हणून उलटं मोजा. मार्गशीर्षात पाया खोदायचा असेल तर दशैंच्या आधी कार्यारंभ आदेश हवा, त्यासाठी भाद्रपदात बोलपत्र उघडलेलं हवं, आणि त्यासाठी काम पालिकेच्या अर्थसंकल्पात आलेलं हवं, जो असारच्या १० तारखेला सभेपुढे मांडला जातो. दिल्लीतल्या माणसाला हा तक्ता एका कागदावर काढून पाठवणं हे तुमच्या वर्षभरातलं सगळ्यांत उपयोगी काम ठरेल. हे मी मनापासून सांगतो.

जागेवर तुमचं काम काय? पालिकेच्या अभियंत्याच्या शेजारी बसणं. लागत अनुमान तो करेल, तुम्ही बाब-बाब तपासाल. गाडीरस्ता संपल्यापासून जागेपर्यंतची वाहतूक धरली आहे का, भूकंपरोधक बांधणीचे पट्टे नकाशात आहेत तसे अंदाजपत्रकातही आहेत का, मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी कुठून येणार, हे प्रश्न विचारायचे. मोजमापाला त्याच्याबरोबर जायचं आणि टेपचं दुसरं टोक धरायचं. नोंद त्याने करायची. उपाध्यक्षांनाही जागेवर बोलवायचं, कारण कामावर देखरेख करणाऱ्या अनुगमन समितीची धुरा त्यांच्याकडे असते. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष या दोन उमेदवारांत प्रत्येक पक्षाला एक स्त्री द्यावी लागते, त्यामुळे २०१७ मध्ये बहुतेक पालिकांत उपाध्यक्ष महिला निवडून आल्या. भिंतीचा ओळंबा कसा पाहायचा हे त्यांना एकदा दाखवलंत, तर पुढच्या प्रत्येक बांधकामावर त्यांची नजर राहील.

आणि काय करायचं नाही? अभियंता रजेवर आहे म्हणून तुम्ही नापी किताब लिहायचा नाही. हा मोह फार मोठा असतो. दिल्लीहून फोन आलेला असतो, हप्ता अडकलेला असतो, आणि तुम्हाला ते काम त्याच्यापेक्षा चांगलं येतं. तरी थांबायचं. तुम्ही लिहिलंत तर इमारत तुमची झाली. कंत्राटदार तुमच्याकडे येऊ लागतो, अध्यक्ष तुमच्याशी बोलतात, पालिकेचा अभियंता बाजूला पडतो, आणि तुम्ही परतल्यावर दोषदायित्वाच्या काळातला तडाही कुणाचा नसतो. उशीर पत्करा. आठ दिवसांचा उशीर पुढच्या हंगामात भरून निघतो, पण हातातून काढून घेतलेलं काम माणूस पुन्हा आपलं मानत नाही.

या बाबतीत मराठी माणसाकडे स्वतःच्या घरचा दाखला आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली, पण त्याहून कितीतरी जास्त गावांत लोकांनी आपली घरं स्वतःच दुरुस्त आणि मजबूत करायची होती. पैसा हप्त्याने, साहित्य आणि गवंडी मालकाने पाहायचे, सरकारने तांत्रिक सल्ला द्यायचा. गावोगावच्या स्त्रिया संवाद सहायक म्हणून नेमल्या गेल्या. माहिती घरोघरी पोचवणं आणि अडलेलं काम वर कळवणं हे त्यांचं काम. लातूरचे तेव्हाचे जिल्हाधिकारी प्रवीण परदेशी पुढे संयुक्त राष्ट्रांच्या आपत्तीविषयक कामात गेले आणि २०२१ मध्ये दिल्लीत क्षमता बांधणी आयोगाचे सदस्य झाले.

२५ एप्रिल २०१५ ला नेपाळात भूकंप झाला आणि भारताने गोरखा व नुवाकोट या दोन जिल्ह्यांत ५०,००० घरांचा भार उचलला, तेव्हा रीत हीच होती. घर मालकाने बांधायचं. तीन लाख नेपाळी रुपये तीन टप्प्यांत: करार झाल्यावर पन्नास हजार, जोत्यापर्यंत काम आल्यावर दीड लाख, छतापाशी एक लाख. गोरखातल्या २६,९१२ घरांना संयुक्त राष्ट्रांच्या यूएनडीपीने आणि नुवाकोटमधल्या २३,०८८ घरांना त्यांच्याच यूएनओपीएसने तांत्रिक आणि सामाजिक साथ दिली. त्यांची माणसं दारोदार जाऊन गवंड्याला पट्टा कुठे बांधायचा ते दाखवत. २०२१ मध्ये ती घरं पुरी झाली. किल्लारीच्या कामात ज्यांनी उमेदीची वर्षं घातली त्यांना यातलं काहीच नवं वाटणार नाही.

जायचं कसं? वाटा चार. शासकीय सेवेत असाल तर प्रतिनियुक्ती, जिला आपल्या नियमांत स्वीयेतर सेवा म्हणतात. त्यात मूळ पदावरचा धारणाधिकार राहतो. निवृत्तिवेतनाचं अंशदान कोण भरणार हे निघण्याआधी लेखी घ्या. दुसरी वाट सरकारी सल्लागार कंपन्यांची. वापकोस आणि राइट्स दोन्ही गुरुग्राममध्ये आहेत आणि परदेशी कामांसाठी करारावर माणसं घेतात. तिसरी संयुक्त राष्ट्रांची. दिल्लीत लोधी इस्टेटमध्ये त्यांची कार्यालयं आहेत, जागा मात्र संकेतस्थळावरच जाहीर होतात. संयुक्त राष्ट्र स्वयंसेवक योजनेत पगार नसतो, राहणीमानाप्रमाणे निर्वाह भत्ता असतो, आणि दीर्घ अनुभवाच्या ज्येष्ठ तज्ज्ञांसाठी तिच्यात वेगळी श्रेणी आहे.

चौथी वाट खासगी सल्लागार संस्थांची, आणि जास्तीत जास्त माणसं तिनेच जातात. जागतिक बँकेच्या किंवा तशा इतर पैशाच्या कामाला संस्था निविदा भरते तेव्हा तिच्या तांत्रिक प्रस्तावात तज्ज्ञांची नावं आणि परिचयपत्रं जोडलेली असतात. गुण त्या परिचयपत्रांना मिळतात. काम महिन्यांच्या हिशेबाने मोजतात, म्हणजे स्थानिक वित्ततज्ज्ञ अकरा महिने, स्थापत्य अभियंता अठरा महिने, असं. तुमचं नाव वापरून निविदा जिंकायची आणि प्रत्यक्षात दुसऱ्यालाच पाठवायचं, असा अनुभव बऱ्याच जणांना येतो. म्हणून परिचयपत्रावर सही करताना ती त्या एकाच निविदेपुरती आहे असं तारखेसह लिहून द्या.

आणि परिचयपत्रात काय लिहाल याबद्दल एक विनंती. आपल्याकडचे निवृत्त उपअभियंते, विस्तार अधिकारी, ग्रामसेवक अशा अर्जात पदांची यादी देतात आणि मिळालेले पुरस्कार लिहितात. निवडणाऱ्याला ते फारसं उपयोगाचं नसतं. किती शाळाखोल्यांची मोजमापं तुम्ही स्वतः घेतलीत, किती पाणीयोजना गावाच्या समितीकडे हस्तांतरित केल्यात, त्यांतल्या किती आज चालू आहेत, किती लेखा आक्षेपांची पूर्तता करून ते निकाली काढलेत, हे आकड्यांत लिहा. गाउँपालिकेतल्या त्या एकट्या अभियंत्याला नेमका हे काम केलेला माणूस शेजारी हवा आहे.